उपाशी वाफा

तिनाचा एक वाफा तुम्ही केला. इंदूबाईनं केला नाही, नंदकिशोरनं केला नाही. तुम्ही केला, सरकारी कचेरीत पंख्याखाली बसून, पेनाच्या एका रेघेत. पुढं त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं ते सांगायचंच आहे. पण सुरुवात तुमच्यापासून, कारण सुरुवात तुम्हीच केली.

कापसानं जिल्हा खाली बसवला होता ती वर्षं. पेपरात रोज एखाद्या गावाचं नाव यायचं आणि तुमच्या गाड्या त्या गावात जायच्या, धूळ उडवून परत यायच्या. मग तुम्हाला सुचलं की लोकांनी कापूस सोडावा आणि ऊस लावावा. पाणी कुठं आहे असं कोणी विचारलं तर तुम्ही कालव्याकडं बोट दाखवलं. ऊस कोणता लावायचा, आपल्या मातीत त्याला खत किती लागतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आकडे होते ते पश्चिमेकडचे. तिकडची माती तिकडची. आपली काळीभोर, खाली चुनखडी, पावसाळ्यात पायातला बूट काढून घेणारी. म्हणून आर्णीच्या अलीकडं, कालव्याला लागून, तुम्ही एक तुकडा घेतला आणि उसाच्या चार वाणांची चाचणी मांडायचं ठरवलं. काम तुमच्याच प्रयोगशाळेतल्या नंदकिशोरच्या गळ्यात घातलं.

चाचणी म्हणजे काही आभाळातली गोष्ट नाही. एका वाणाचे वाफे पाडायचे. एकाला पुरं खत, एकाला अर्धं, एकाला काहीच नाही. काहीच नाही तो शून्याचा वाफा. मातीच्या अंगात स्वतःचं किती आहे ते त्याच्यावरून कळतं. मग पानं तोडून तपासायची, पानापर्यंत अन्न किती पोचलं ते मोजायचं. आणि हे सगळं प्रत्येकी तीन ठिकाणी करायचं. तीन कशाला? तर एका ठिकाणी डुक्कर शिरलं, पाणी तुंबलं, कोणाचा हात लागला, तर बाकीचे दोन वाफे चुगली करतात.

नंदकिशोरनं तीन-तीन वाफे मांडून नकाशा पाठवला. परत आला तेव्हा तिनावर काट मारलेली होती आणि शेजारी एक लिहिलं होतं. त्यानं फोन केला. "करा हो, होते तेवढ्यात," असं उत्तर मिळालं. त्यानं केलं. एवढं त्याचं चुकलं, ते मी झाकत नाही. आजोबा कचेरीत, बाप कचेरीत, हाही कचेरीत. वरून आलेल्या कागदाशी भांडायची सवय त्या घराण्यालाच नव्हती.

पन्नाशी ओलांडलेला माणूस. बायको सुचित्रा नागपूरला, मुलीच्या, शाल्मलीच्या कॉलेजसाठी. हा यवतमाळात दोन खोल्यांत. सकाळी मोटरसायकल काढायची, आर्णीच्या रस्त्याला लागायचं, वाफ्यात फिरायचं, पानं घेऊन परतायचं. प्रयोगशाळेत त्याच्या हाताखालची जागा रिकामी होती आणि रिकामीच राहिली. पानं तोच कापायचा, तोच वाळवायचा, तोच दळायचा. भट्टीत पानं तापली की खोलीभर उकडलेल्या कणसांसारखा वास सुटायचा, आणि तो वास आला की त्याला भूक लागायची, आणि भूक लागली की आठवायचं की घरी कोणी नाही. सुचित्राचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." दुसरं काही बोलायला सापडत नसे.

वाफ्यावर राखणीला इंदूबाई होती. बौद्धवाड्यातली, नवरा जाऊन जमाना झालेला, मुलगा राजदीप पुण्यात कुठल्याशा कारखान्याच्या दारावर उभा राहायचा. तुम्ही तिला टिनाचं एक शेड दिलं होतं, वाफ्यांच्या कडेला. तिथं ती आणि तिच्या बकऱ्या. गाव दीड कोस लांब. कालव्याला पाणी असलं तर पाण्याचा आवाज, नसलं तर तोही नाही. ती उसाशी बोलायची. वाणांचे लांबलचक नंबर तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं नावं ठेवली होती: थोराड, काळ्या, झिपऱ्या आणि बारक्या. नंदकिशोर पहिल्यांदा हसला. मग तोही तीच नावं घ्यायला लागला, कारण तीच लक्षात राहायची.

बारक्याचा शून्याचा वाफा नेमका तिच्या दाराशी आला होता.

"इंदूबाई, या वाफ्याले काही द्यायचं नाही. उपाशीच ठेवायचा," नंदकिशोरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "याले अन् या रांगेतल्या तिघांले."

"काईच नाई?"

"पाणी तेवढं."

ती बरं म्हणाली. तो पुढच्या वाफ्याकडं गेला.

तो आला की ती चहा ठेवायची. तो म्हणायचा, "राहू द्या, बाटली आहे माझ्याजवळ." बाटलीत पाणी होतं, चहा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. का प्यायचा नाही हेही दोघांना माहीत होतं. शिकलेल्या घरात ही गोष्ट बोलत नाहीत, बाटली बाळगतात. तो मोटरसायकलला टेकून डबा खायचा, ती दारात बसून भाकर खायची. मधे बारक्याचा वाफा. दोघंही तिकडंच बघत जेवायची. गरम चहा तिच्याजवळ तसाच निवायचा.

ऊस कमरेला लागला तेव्हा पानं तोडायची वेळ आली. शेंड्याकडून पुरं उघडलेलं तिसरं पान घ्यायचं, खालचं-वरचं कापून मधला तुकडा ठेवायचा, मधली शीर काढून टाकायची. इंदूबाई पिशवीचं तोंड उघडून धरायची. थोराड, काळ्या, झिपऱ्या यांचे शून्याचे वाफे फिकट, पिवळसर, व्हायला पाहिजे तसे. बारक्या हिरवागार.

"हा तं मस्त हाये," नंदकिशोर म्हणाला.

"गरीब हाये. थोडक्यात भागवते," इंदूबाई म्हणाली, आणि पिशवीत बघायला लागली.

तपासणी झाली. बारक्याच्या शून्याच्या वाफ्यातल्या पानात जेवढं अन्न, तेवढंच पुऱ्या खताच्या वाफ्यातल्या पानात. नंदकिशोरला खरं वाटेना. त्यानं नमुना पुन्हा केला. द्रावण बदललं, पुन्हा केला. आकडा तोच. त्या संध्याकाळी त्यानं स्वतःहून सुचित्राला फोन लावला. "एक वाण सापडलं. कमी खतात येणारं. आपल्या मातीत." ती म्हणाली, "बरं झालं. शाल्मलीची फी भरायची आहे ते लक्षात ठेवा." आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी निघालं होतं, आणि ते ऐकायला समोर माणूस नव्हतं.

आकडे तुमच्याकडं पाठवले. त्यानं खाली लिहिलं होतं की एकाच वाफ्याचा निकाल आहे, अजून दोन हंगाम बघावं लागेल. ते वाक्य तुम्ही वाचलं नाही. खताला पैसा नसलेल्या जिल्ह्यात बिनखताचा ऊस! याच्याहून गोड बातमी तुम्हाला काय मिळणार होती? तुम्ही घडीपत्रिका काढली. फाट्याफाट्यावर पाट्या रंगवल्या: अर्ध्या खतात भरघोस ऊस. आर्णीकडं, बाभुळगावकडं बारक्याचं बेणं ट्रॅक्टरनं वाटलं.

ऊस तुटला, बुडख्यांतून खोडवा फुटून वर आला. पहिल्या उसानंतर मातीत किती उरलं ते बघायला नंदकिशोर एका दुपारी न सांगता आला. इंदूबाई कालव्यावर धुणं घेऊन गेली होती. त्यानं बारक्याच्या वाफ्यात नळी दाबली, फिरवली, वर काढली. माती हातावर ओतली. काळ्या मातीत काळे गोल दाणे. त्यानं एक चिमटीत धरून फोडला. नाकाशी नेला. मग पाचट बाजूला केलं. खाली राखेचा पांढुरका थर, त्याखाली लेंडीखताची साय.

इंदूबाई परत आली तेव्हा तो वाफ्यातच बसला होता.

"इंदूबाई, हे काय आहे?"

"लेंडी हाये."

"ते दिसते मले. इथं कशी आली?"

तिनं धुण्याची बादली खाली ठेवली. "मी टाकली."

"मी सांगतलं होतं ना, याले काही द्यायचं नाही?"

"सांगतलं होतं. बाकीच्या तिघाईले नाई देल्लं मी. ते दूर हायेत, नजरेआड. हा दाराशी हाये, सायेब. सकाळी उठलं का याचं पिवळं तोंड. भाकर घेऊन बसली का समोर उभा. माह्या मायची सवय होती, वावरातल्या ज्या तासात बसून जेवलं त्या तासाले काईतरी देल्ल्याबिगर उठत नसे. मलेबी घास जाये ना."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

"काय काय टाकलं?"

"लेंडी भिजवून. राख. तांदळाचं धुवण." तिनं बादलीची कडी सारखी केली. "अन् तुमी पेत नव्हते तो चहा."

नंदकिशोरनं हातातली माती खाली टाकली.

"तुमी म्हटलं असतं का याच्यावर लोकाईचं ठरणार हाये, तं हात नसता लावला," इंदूबाई म्हणाली. "तुमी म्हटलं देऊ नका. काहून ते नाई सांगतलं. मले वाटलं सरकारच्या घरचंच हाये, एखाद्याले उपाशी ठेवाची रीतच असन."

दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दारात उभा होता. तुमचे मंदार साहेब वयानं त्याच्याहून लहान, खुर्चीनं मोठे. त्यांनी बसा म्हटलं, तो उभ्याउभ्याच बोलला.

"सर, बारक्याचा, म्हणजे चौथ्या वाणाचा, शून्याचा वाफा बाद आहे. त्यात सुरुवातीपासून लेंडीखत पडलंय."

"कोणी टाकलं?"

इंदूबाईचं नाव जिभेवर आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर तिचं शेड त्याच आठवड्यात रिकामं झालं असतं, आणि तुमची फाइल बंद. नंदकिशोर म्हणाला, "वाफा माझ्या ताब्यात होता."

"नंदूभाऊ, पाट्या रंगल्या. बेणं गेलं. आता वर काय सांगू, शेळीनं चाचणी खाल्ली?"

"शेळीनं खाल्लं नाही, सर. आपल्या त्या वाफ्याला जे काही दिलं ते शेळीनंच दिलं."

मंदार साहेबांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं.

"तीन वाफे असते तर पहिल्याच वर्षी कळलं असतं," नंदकिशोर म्हणाला. "बाकीचे दोन पिवळे पडले असते. मी तीन मांडले होते."

साहेबांनी पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता. "तुम्ही असं करा, लेखी द्या."

त्यानं लेखी दिलं. पाट्या काढा, बेणं नेलेल्यांना सांगा की या वाणाला खत पुरंच लागतं, निदान मोठ्या बांधणीआधी सांगा, कारण एकदा उसाला मोठी माती लावली की मग दिलेल्या खताचा फारसा उपयोग नसतो. महिना गेला. पुन्हा लेखी दिलं. तुमच्याकडून हूं नाही की चूं नाही. पाट्या तशाच.

मग तो स्वतः निघाला. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पेट्रोलवर. हा तोच माणूस, ज्यानं जन्मात कधी कागदाशी भांडण केलं नव्हतं. गावोगाव जाऊन सांगायचा, पाटीवर जाऊ नका, पुरं खत द्या. लोक पाणी द्यायचे, ऐकून घ्यायचे, आणि तो गेला की आपल्या कामाला लागायचे. आर्णीजवळच्या तांड्यावर सेवादास राठोडनं बारक्या लावला होता. कपाशी मोडून लावलेला, सगळ्या वावरात. पाटीप्रमाणं अर्धं खत. ऊस गुडघ्याला असतानाच फिकटायला लागला होता.

"सायेब," सेवादास म्हणाला, "पाटी तुमची. अन् पाटी खोटी म्हणणारे बी तुमीच. आमी कोण्या तुमचं ऐकाव? उद्या तिसरा येईन, तो म्हणन ऊसच उपटा."

नंदकिशोर परत वाफ्यावर आला. मोटरसायकल उभी करून नुसताच बसून राहिला. इंदूबाईनं विचारलं तेव्हा त्यानं तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं: चाचणी कशासाठी होती, पाटी कशावरून लागली, कोणाच्या वावरात काय उभं आहे. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा हात पदराची किनार चुरत होता.

"अन् तुमी माह्यं नाव नाई घेतलं," ती म्हणाली.

"घेऊन काय झालं असतं?"

"काईच नाई झालं असतं." तिनं बकऱ्यांचं दावं खुंट्याला पक्कं केलं. "चाला. मी येते सांगाले."

मोटरसायकलवर ती मागं बसली, मधे पिशवी ठेवून, टेकू न घेता. तांड्यावरचे लोक बघायला लागले. सेवादास खाटेवरून उठला.

"सेवादासभाऊ," इंदूबाई म्हणाली, "तो वाफ्यातला ऊस माह्या हातचं खाऊन वाढला. लेंडी, राख, समदं. चोरून चारलं मी. तुमच्या इथी त्याले कोण चारते?"

सेवादास तिच्याकडं बघत राहिला, मग नंदकिशोरकडं. मग मान हलवत म्हणाला, "म्हणजे पाटीवर या बाईच्या बकऱ्याईचा फोटो पाह्यजे होता." तांड्यावरची दोन-चार माणसं हसली. तो हसला नाही. त्यानं वावराकडं बघितलं. "इतके दिवस कायले लपवून ठेवलं? माह्यी मोठी बांधणी झाली गेल्या हप्त्यात."

नंदकिशोर म्हणाला, "आताही द्या. थोडंफार मिळेल."

"थोडंफार," सेवादास म्हणाला. त्या शब्दाची चव घेतल्यासारखं म्हणाला.

तरी त्या तांड्यानं ऐकलं. शेजारच्या दोन गावांनी ऐकलं. पण बाभुळगावकडं इंदूबाईला कोण ओळखत होतं? तिकडं तिचं बोलणं वेड्या बाईचं बोलणं झालं, आणि नंदकिशोरचं बोलणं सरकारी माणसाचं. तिकडचा ऊस खालच्या पानापासून पिवळा होत वर गेला. बोटभर जाडीचा राहिला. ज्यांनी लावला त्यांनी जनावरांना घातला, आणि पुढच्या साली त्यांच्या वावरात परत कापूस.

तुमचं उत्तर आलं तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. दोन कागद. पहिल्यात चाचणी बंद, राखणीची गरज उरली नाही. दुसऱ्यात नंदकिशोरनं निष्काळजीपणा का केला, त्याचा खुलासा मुदतीत सादर करावा.

इंदूबाईचं शेड काढायला माणसं आली त्या दिवशी तो तिथं होता. राजदीपनं पुण्याला बोलावलं होतं, पण तिथं एका खोलीत चौघं झोपत होती. "मी जाईन, बकऱ्या कोठी निजवू? त्याच्या सायेबाच्या गेटावर?" ती म्हणाली. झरी जामणीकडं जंगलाच्या कडेला तिची बहीण होती, तिकडं जायचं ठरवलं. भांडी पोत्यात भरली होती. चूल मोडायच्या आधी तिनं चहा ठेवला आणि ओतताना त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यानं हात पुढं केला. तेव्हा तिनं बघितलं.

"साखर नाई उरली," ती म्हणाली.

"चालते."

तो प्यायला. काळा, कडू, धुरकट. अर्ध्या जन्मात तो अशा घरी चहा प्यायला नव्हता, आणि प्यायला तेव्हा ते घर पोत्यात बांधलेलं होतं. वाफ्याला त्या दिवशी काही मिळालं नाही.

महिन्याभरानं तो पुन्हा गेला. काम काही नव्हतं. सुचित्राचा फोन येऊन गेला होता, जेवलो म्हणून सांगून झालं होतं, आणि खोलीत बसवेना. टिन गेलं होतं, चुलीच्या जागी काळा डाग होता. कालवा कोरडा. राखण नसल्यामुळं थोराड आणि काळ्याच्या वाफ्यात डुकरांनी धुमाकूळ घातला होता. बारक्या उभा होता. खालची पानं वाळलेली, वरची पिवळी, शेंड्यापर्यंत. लेंडीचं जेवढं होतं तेवढं त्यानं खाऊन टाकलं होतं, नवं द्यायला दाराशी कोणी नव्हतं, कारण दारच नव्हतं. नंदकिशोरनं सवयीनं तिसरं पान तोडलं. मधली शीर काढली. तुकडा हातात धरून उभा राहिला. आता हा खरा शून्याचा वाफा झाला होता. आता पान तपासलं असतं तर आकडा खरा आला असता. पिशवीचं तोंड उघडून धरायला कोणी नव्हतं. त्यानं पान खिशात घातलं आणि मोटरसायकल सुरू केली.

तुम्हाला त्याचा खुलासा पाहिजे होता. हा घ्या, वर सगळा आला आहे. वाफा त्याच्या ताब्यात होता, हे त्यानं तुमच्या तोंडावर कबूल केलं. लेंडी तिनं टाकली, हे तिनं तांड्यासमोर कबूल केलं. दोघांनी आपापलं सांगून टाकलं. राहिलात तुम्ही.

एका बाईनं एक वाफा उपाशी राहू दिला नाही, म्हणून तुमची चाचणी बिघडली. आणि तुम्ही अख्खा जिल्हा शून्याच्या वाफ्यात ठेवला. काही द्यायचं नाही, फक्त किती पिकतं आणि किती वाळतं ते मोजत राहायचं. तो नकाशा कोणी मांडला? त्याच्यावर कोणाची सही आहे? तिनावर काट मारून एक कोणी लिहिलं? बाभुळगावकडच्या पिवळ्या उसाला काय सांगू, कोणाची वाट बघ म्हणू?

उत्तर पाहिजे. लेखी द्या.